रांगेचा वस्ताद

जुलै १९९८ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील लाफायेट या शहरी केंद्रीय जिल्हा न्यायालयात एक दावा ज्युरीसमोर चालला. वादी होते जो मूर, वय वर्षे ६६, व्यवसायाने फुटबॉलचे प्रशिक्षक. प्रतिवादी होते नोटर डेम विद्यापीठ, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या जगातली पंढरीच. मूर यांचे म्हणणे एका वाक्यात मावणारे होते : आपल्याला कामावरून काढले ते काम वाईट होते म्हणून नव्हे, वय झाले म्हणून.

दाव्याचा निकाल काय लागला ते पुढे येईलच. पण मूर यांनी नेमके काय गमावले होते हे कळायचे तर आधी त्यांचे काम कळायला हवे, आणि ते सहज कळण्यासारखे नाही. हा खेळ जन्मभर पाहणाऱ्या अमेरिकन प्रेक्षकांपैकीही बहुतेकांची नजर चेंडूमागे धावते. मूर यांचे काम चेंडू जिथून निघून जातो तिथे चालायचे. ते 'ऑफेन्सिव्ह लाइन'चे प्रशिक्षक होते. आपल्या भाषेत सांगायचे तर चढाई करणाऱ्या बाजूच्या पहिल्या रांगेचे वस्ताद.

पाचजण नेमके काय करतात

अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा. चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता, मैदान १०० यार्डांचे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. एकेक प्रयत्न काही सेकंदांत आटोपतो. मग खेळ थांबतो, पुन्हा रांगा लागतात. सामना असा तुकड्या-तुकड्यांनी पुढे जातो.

प्रत्येक तुकड्याच्या आरंभी चेंडूवाल्या बाजूचे पाच धिप्पाड गडी प्रतिस्पर्ध्यांच्या नाकासमोर ओणवे उभे राहतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. सेंटर आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे देतो. मागे उभा असलेला क्वार्टरबॅक तो घेतो आणि एक तर दूरच्या साथीदाराकडे फेकतो, किंवा पळणाऱ्याच्या, म्हणजे रनिंग बॅकच्या, हाती देतो. या दोघांची नावे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतात. पुढच्या पाचांची येत नाहीत. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची मुभा नियमाने त्यांना सहसा नसते. समोरच्याला पकडून ठेवले तर दंड होतो. त्यांनी फक्त अंगाने, हातांच्या रेट्याने आणि पायांच्या जोराने समोरच्याला ढकलायचे, वळवायचे, अडवायचे.

डाव पळण्याचा असेल तर पुढे घुसून वाट काढायची. डाव फेकण्याचा असेल तर मागे सरकत भिंत उभी ठेवायची, म्हणजे क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंद निवांत मिळतात. एकाच माणसाने, एकाच सामन्यात, कधी चाल करून जायचे आणि कधी माघार घेत लढायचे.

यातली खरी अवघड गोष्ट ताकद नाही, मेळ आहे. कबड्डीतली साखळी आठवावी. दोघांनी हात धरलेला असतो तोवर त्या हाताला जोर असतो. एक जण क्षणभर आधी झेपावला तर तोच हात चढाई करणाऱ्याची पळवाट होतो. लाइनमध्ये हे प्रत्येक डावाला घडते. समजा, सेंटर आणि गार्ड यांनी मिळून समोरचा एक दांडगा गडी ढकलायला घेतला. तो हलला की दोघांपैकी एकाने त्याला सोडायचे आणि मागून धावत येणाऱ्या दुसऱ्याला गाठायचे. कोणी सोडायचे हे तो दुसरा कोणत्या बाजूने येतो त्यावर ठरते. दोघांनी न बोलता, एकाच क्षणी, एकच उत्तर काढायचे. दोघेही सुटले तर पहिला मोकळा, दोघेही थांबले तर दुसरा मोकळा. हा निर्णय अर्ध्या सेकंदात होतो. तो बरोबर आला तर पळणारा पाच यार्ड जातो आणि ते पाच यार्ड पळणाऱ्याच्या नावे लिहिले जातात.

लाइनमनच्या नावे लिहिण्यासारखा आकडाच या खेळात फारसा नाही. पळणाऱ्याचे यार्ड मोजतात, फेकणाऱ्याची फेक मोजतात, झेलणाऱ्याचे झेल मोजतात. लाइनमनचे नाव ध्वनिक्षेपकावरून ऐकू येते ते बहुधा त्याने नियम मोडला म्हणून. पिट्सबर्ग विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या आरंभी बिल फ्रालिक नावाचा टॅकल होता. समोरच्याला थेट उताणा पाडण्यात त्याचा हातखंडा. त्याची थोरवी आकड्यांत सांगता यावी म्हणून तिथल्या प्रसिद्धी विभागाने असे उताणे पाडलेले गडी मोजायला घेतले आणि त्याला 'पॅनकेक', म्हणजे तव्यावर उलटलेले धिरडे, असे नाव दिले, असे सांगतात. शब्द आजही रूढ आहे. फ्रालिकला घडवणाऱ्या प्रशिक्षकाचे नाव जो मूर.

शाळेच्या मैदानातून

मूर यांचा जन्म १९३२ चा. पेनसिल्व्हेनिया राज्यातील शाळांमधून त्यांनी प्रशिक्षणाचे काम केले. पिट्सबर्गजवळच्या अपर सेंट क्लेअर शाळेत ते मुख्य प्रशिक्षक होते. हा पश्चिम पेनसिल्व्हेनियाचा भाग कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेला. तिथे शुक्रवारी रात्रीचा शाळेचा सामना हा गावाचाच कार्यक्रम असतो. १९७७ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते पिट्सबर्ग विद्यापीठात लाइन कोच झाले.

पंचेचाळिशी म्हणजे या धंद्यात उशीरच. नेहमीची वाट अशी : खेळणे संपले की पदव्युत्तर शिक्षण घेता घेता तुटपुंज्या मानधनावर 'ग्रॅज्युएट असिस्टंट' व्हायचे, मग लहान कॉलेजात नोकरी, मग मोठ्या. मूर यांच्यामागे शाळेतील मुलांना पायाभूत गोष्टी शिकवण्यात गेलेली वर्षे होती, आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली.

लाइन कोच काय शिकवतो ते बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. पहिली गोष्ट उभे राहणे. ओणव्यात वजन कुठल्या पायावर किती. दुसरी गोष्ट पहिले पाऊल. ते काही इंचांचेच असते, पण एखादा इंच चुकले तर पुढचा सगळा डाव चुकतो. मग कंबर खाली ठेवणे, कारण टक्कर होताना जो खाली असतो त्याचा रेटा वर लागतो आणि दुसऱ्याचे पाय सुटतात. त्यासाठी मैदानात बुटके लोखंडी छत उभे केलेले असते. त्याखालून ओणव्यानेच धावत बाहेर पडायचे. मध्येच कोणी ताठ झाला तर डोके आपटते. दोन पायांमध्ये फळी ठेवून पुढे रेटा देत चालायचे, म्हणजे पाय जवळ येत नाहीत आणि तोल जात नाही. गादी लावलेली लोखंडी घसरगाडी ढकलत न्यायची. कुस्तीच्या तालमीत वस्ताद जसा एकाच डावाचा पहिला हिसका शंभरदा करून घेतो, तसेच हे.

सामन्यानंतर दुसरे काम सुरू होते. प्रशिक्षक चित्रफीत पुन्हा पुन्हा मागे घेऊन प्रत्येक डावात प्रत्येक गड्याचे पाऊल, हात आणि निर्णय तपासतो, गुण देतो. साठ-सत्तर डाव, पाच माणसे, म्हणजे तीनशेहून अधिक नोंदी. लाइनमनच्या कामाचा खरा हिशेब तो हाच. पण तो प्रशिक्षकाच्या खोलीत राहतो, वर्तमानपत्रात जात नाही.

पिट्सबर्गच्या संघाने १९७९, १९८० आणि १९८१ या तिन्ही वर्षी ११ सामने जिंकले आणि फक्त एकेक हरला. त्या संघाचा क्वार्टरबॅक डॅन मरिनो पुढे दंतकथा झाला. त्याच्यापुढे उभ्या असलेल्यांपैकी मार्क मे याला १९८० साली 'आउटलँड ट्रॉफी' मिळाली. लाइनमनसाठी १९४६ पासून असलेला तो मोठा मान. रस ग्रिम हा शाळेत क्वार्टरबॅक आणि लाइनबॅकर होता. तो कॉलेजात सेंटर झाला. ज्याचे नाव शाळेत सगळ्यांच्या तोंडी, त्याला म्हणायचे की आता नाव नसलेल्या जागी जाऊन ओणवा उभा राहा. हे पटवणे हाही वस्तादाच्या कामाचाच भाग. ग्रिम आणि मे दोघेही १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघात गेले. तिथल्या रांगेला 'हॉग्ज', म्हणजे डुकरे, असे टोपणनाव पडले आणि प्रेक्षक नाकाला रबरी सोंडी लावून सामन्याला येऊ लागले. लाइनमन इतके लोकप्रिय होणे हा या खेळातला अपवादच. ग्रिम २०१० मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेला. मूर यांचा दुसरा विद्यार्थी जिंबो कव्हर्ट २०२० मध्ये तिथे पोहोचला. फ्रालिकला १९८५ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत दुसऱ्याच क्रमांकावर उचलले गेले.

पाठीवरचे बिऱ्हाड

इतके झाल्यावर माणूस एका जागी स्थिरावेल असे आपल्याला वाटते. लाइन कोचचे तसे नसते. त्याला नेमतो मुख्य प्रशिक्षक, आणि मुख्य प्रशिक्षकाबरोबरच त्याची जागा जाते. संघ हरू लागला, मुख्य प्रशिक्षक काढला गेला, की त्याचे सगळे सहायक दुसरे गाव शोधतात. मग त्यांची स्वतःची तुकडी कितीही चांगली खेळलेली असो. मुख्य प्रशिक्षक मोठ्या जागी गेला तरी तेच. नवा माणूस आपली माणसे घेऊन येतो. घराचे भाडेकरार, मुलांच्या शाळा, बायकोची नोकरी, सगळे या गणितात धरावे लागते.

पिट्सबर्गच्या मुख्य प्रशिक्षकाला १९८५ च्या हंगामानंतर जावे लागले. मूर फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात गेले. १९८८ मध्ये लू होल्ट्झ यांनी त्यांना नोटर डेमला आणले.

त्या वर्षी नोटर डेमच्या रांगेत बरेच नवे चेहरे होते. अँडी हेक तोवर 'टाइट एंड' या जागी खेळत होता. ही जागा रांगेच्या टोकाला, पण तिथला खेळाडू चेंडू झेलू शकतो. अखेरच्या वर्षी त्याला टॅकल केले गेले. संघाने सगळे १२ सामने जिंकले आणि २ जानेवारी १९८९ रोजी वेस्ट व्हर्जिनियाला ३४-२१ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हेकची त्यानंतरच्या निवडीत पहिल्याच फेरीत निवड झाली. नव्या जागी तो एकच हंगाम खेळला होता. पुढच्या वर्षांत टिम ग्रुनहार्ड, टिम रडी, ॲरन टेलर असे एकामागून एक लाइनमन तिथून व्यावसायिक खेळात गेले. टेलरला १९९३ ची 'लोंबार्डी ट्रॉफी' मिळाली.

इथे धंद्यातली एक अंगभूत विसंगती सांगायला हवी. लाइन घडायला वेळ लागतो. अठरा वर्षांचा मुलगा येतो तेव्हा त्याची हाडे मोठी असतात, पण अंग भरलेले नसते. त्याला वीस-पंचवीस किलो ताकदीचे वजन चढवायचे, पाऊल शिकवायचे, आणि शेजारच्याच्या मनातले ओळखायला शिकवायचे. म्हणून कॉलेजमध्ये लाइनमनला पहिले वर्ष सहसा बाकावरच ठेवायची प्रथा पडली. पाचजणांचा मेळ बसायला तीन-चार हंगाम लागतात. पण हा मेळ बसवणाऱ्याच्या नोकरीला तितक्या हंगामांची हमी नसते. ज्याचे काम सर्वांत सावकाश पिकते, त्याची नोकरी दुसऱ्याच्या हार-जितीला टांगलेली.

नोटर डेममध्ये मूर नऊ हंगाम राहिले. या धंद्यात हा काळ मोठाच.

खटला

नोव्हेंबर १९९६ मध्ये होल्ट्झ यांनी पद सोडले. बचावाचे प्रशिक्षक बॉब डेव्ही यांना मुख्य प्रशिक्षक नेमण्यात आले. डेव्ही यांनी होल्ट्झ यांच्या काही सहायकांना ठेवले. मूर यांना ठेवले नाही. तेव्हा मूर ६४ वर्षांचे होते.

अमेरिकेत १९६७ चा एक कायदा आहे. चाळीस किंवा त्याहून अधिक वयाच्या कामगाराला केवळ वयामुळे कामावरून काढणे त्याने बेकायदा ठरवले. नुकसानभरपाई बुडालेल्या पगाराएवढी. मालकाने जाणूनबुजून कायदा मोडला असेल तर तेवढीच रक्कम आणखी, म्हणजे दुप्पट. मनस्तापाची भरपाई या कायद्यात नाही. मूर यांनी या कायद्याखाली विद्यापीठावर दावा लावला.

त्यांच्या बाजूचे म्हणणे असे की डेव्ही यांनी वयाचा मुद्दा उघडपणे काढला होता. आपल्याबरोबर पुढची वर्षे टिकेल असा माणूस त्यांना हवा होता. विद्यापीठाचा मुख्य बचाव वागणुकीचा होता. मूर खेळाडूंना दमदाटी करतात, शिव्या देतात, प्रसंगी हात उचलतात, असे त्यांचे म्हणणे. कॅथलिक विद्यापीठ, राष्ट्रीय कीर्तीचा संघ आणि एक सहायक प्रशिक्षक, असा सामना असल्याने देशभरच्या वर्तमानपत्रांनी तो छापला. वर्षानुवर्षे ज्याचे नाव छापून येत नव्हते, त्याचे नाव छापून आले ते असे.

ज्युरीने निकाल मूर यांच्या बाजूने दिला. बुडालेला पगार ४२,९३५ डॉलर २८ सेंट, आणि कायदा जाणूनबुजून मोडला असे ठरल्यामुळे तितकेच आणखी, मिळून ८५,८७० डॉलर ५६ सेंट. मूर यांनी आणखी एक मागितले होते : आपली जागा परत द्या. न्यायाधीश ॲलन शार्प यांनी ते नाकारले. त्या जागी दुसरा माणूस काम करीत होता. शिवाय इतक्या कटुतेनंतर मुख्य प्रशिक्षक आणि सहायक यांनी एकत्र काम करणे शक्य नव्हते. जागेऐवजी पुढील काळाचा पगार म्हणून ७५,५७७ डॉलर ६८ सेंट मंजूर झाले. मूर यांच्या वकिलांची फी म्हणून विद्यापीठाने द्यायची रक्कम सुमारे ३ लाख ९५ हजार डॉलर ठरली. वादीला जे मिळाले त्याच्या दुपटीहून अधिक.

हिशेबाच्या दृष्टीने निकाल पुरा झाला. मूर यांच्या दृष्टीने तो अर्धाच राहिला. पैसे मिळाले, मैदान मिळाले नाही. न्यायालय पगार मोजू शकते, कारण पगार लिहिलेला असतो. उन्हातल्या त्या बुटक्या लोखंडी छताशेजारी उभे राहून पोरांची पावले पाहण्याची किंमत कुठे लिहिलेली नसते.

या निकालाने काय ठरले आणि काय ठरले नाही, हे वेगळे केले पाहिजे. ठरले ते इतके, की काढण्याच्या निर्णयात वय हे कारण होते. मूर मवाळ होते असे काही त्यातून ठरत नाही. त्यांची शिस्त कडक होती हे त्यांचे चाहतेही सांगत. 'छडी लागे छमछम' या वळणावर वाढलेल्या आपल्याकडे अशा गुरूबद्दल चटकन कौतुक दाटून येते. ते जरा आवरावे. मैदानावरील मुलगा शिष्यवृत्तीसाठी प्रशिक्षकावर अवलंबून असतो, उलट बोलू शकत नाही. तिथे कडकपणा कुठे संपतो आणि छळ कुठे सुरू होतो, हा प्रश्न खराच आहे आणि आजचे कॉलेज फुटबॉल त्याबाबत तेव्हापेक्षा अधिक सावध आहे. पण तो प्रश्न नऊ वर्षे कोणी अडचणीचा मानला नाही आणि माणसाची साठी उलटल्यावर तो पुढे आला, तर ज्युरीला शंका येणे स्वाभाविक होते. चूक असेल तर ती चूक म्हणून वेळीच सांगावी. वयाच्या जोडीला कारण म्हणून बाहेर काढू नये.

डेव्ही यांनाही ती खुर्ची फार काळ लाभली नाही. ३५ विजय आणि २५ पराभव अशा नोंदीनंतर २००१ च्या हंगामाअखेरीस त्यांना काढण्यात आले. त्यांच्या सहायकांना पुन्हा तोच प्रश्न : आता कुठले गाव?

हिशेब कुठे सापडतो

मूर यांचे ३ जुलै २००३ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले. आकड्यांच्या वहीत त्यांच्या नावावर एक यार्डही नाही. तो हिशेब माणसांत शोधावा लागतो.

अपर सेंट क्लेअर शाळेत मूर यांच्या हाताखाली खेळलेला एक मुलगा कर्क फेरेंट्झ. कॉलेजमध्ये तो लाइनबॅकर होता, म्हणजे बचावाच्या बाजूचा. १९८० मध्ये तो पिट्सबर्ग विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून आला आणि आपल्या जुन्या गुरूकडून लाइनची विद्या शिकला. पुढच्याच वर्षी आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय यांनी त्याला लाइन कोच नेमले. तिथे नऊ हंगाम, मग मेन विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक, मग व्यावसायिक संघांत सहा हंगाम लाइन कोच, आणि १९९९ मध्ये आयोवाचे मुख्य प्रशिक्षकपद. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरण्याचा हा पुरा नकाशाच.

पहिल्या वर्षी फेरेंट्झ यांचा संघ एक सामना जिंकला आणि दहा हरला. दुसऱ्या वर्षी तीन जिंकले, नऊ हरले. अनेक विद्यापीठांनी इथेच निरोप दिला असता. आयोवाने थांबायचे ठरवले. मधल्या काळात रॉबर्ट गॅलरी नावाचा टाइट एंड टॅकल झाला. ब्रूस नेल्सन हाही शिष्यवृत्तीशिवाय आलेला टाइट एंड. तो सेंटर झाला. २००२ मध्ये आयोवाने ११ सामने जिंकले आणि आपल्या परिषदेत एकही हरला नाही. २००३ ची आउटलँड ट्रॉफी गॅलरीला मिळाली. मूर यांना जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. ग्रिम, हेक, गॅलरी : चेंडूच्या जवळच्या जागेवरून उचलून रांगेत आणून बसवायची ही एकच रीत, तीन विद्यापीठांत आणि दोन पिढ्यांत दिसते. फेरेंट्झ पंचवीसहून अधिक वर्षे आयोवातच आहेत. लाइनला वेळ दिला तर काय होते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

दुसरा शिष्य ॲरन टेलर. व्यावसायिक खेळात त्याने ग्रीन बे संघातून १९९६ च्या हंगामाचा सुपर बोल जिंकला, गुडघ्यांच्या दुखापतींनी त्याची कारकीर्द लवकर आटोपली, आणि नंतर तो दूरचित्रवाणीवर समालोचक झाला. २०१५ मध्ये त्याच्या पुढाकाराने 'जो मूर पुरस्कार' सुरू झाला. दर वर्षी देशातील सर्वोत्तम कॉलेज लाइनला तो दिला जातो. एका खेळाडूला नाही, सबंध रांगेला. कॉलेज फुटबॉलचे इतर मोठे मान एकेका व्यक्तीला मिळतात. हा एकच वेगळा. निवड करणाऱ्यांत प्रत्यक्ष काम करणारे लाइन कोच आणि जुने लाइनमन असतात. आकडे नसल्यामुळे ते चित्रफिती पाहतात, आणि जिद्द, मेळ, रेटा, डाव शेवटपर्यंत नेणे अशा गोष्टींवर मत देतात. म्हणजे जे गुणदान एरवी प्रशिक्षकाच्या बंद खोलीत होते, तेच इथे उघड्यावर आले. स्मृतिचिन्ह रांगेतल्या गड्यांचे शिल्प आहे. उंची सुमारे सात फूट आणि वजन सुमारे ८०० पौंड, म्हणजे साडेतीनशे किलोंच्या वर. एकट्याने उचलणे शक्यच नाही. पुरस्काराचा अर्थ त्यातच आला.

पहिल्या वर्षी तो अलाबामाला मिळाला. दुसऱ्या वर्षी आयोवाला, म्हणजे मूर यांच्या शिष्याच्या संघाला. आणि तिसऱ्या वर्षी, २०१७ मध्ये, नोटर डेमला. ज्या विद्यापीठाने त्या माणसाला काढले, ज्याच्याविरुद्ध तो न्यायालयात उभा राहिला, त्याच विद्यापीठाने त्याच्या नावाचा मान स्वीकारला. त्या रांगेतील क्वेंटन नेल्सन आणि माइक मॅकग्लिंची हे दोघे २०१८ च्या निवडीत पहिल्या दहांत गेले. त्यांचे प्रशिक्षक हॅरी हीस्टँड त्याआधीच, जानेवारीत, शिकागोच्या व्यावसायिक संघात निघून गेले होते. बिऱ्हाड पुन्हा पाठीवर.

२०२४ चा पुरस्कार आर्मीच्या, म्हणजे वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या, रांगेला मिळाला. तिथली मुले मोठ्या विद्यापीठांतल्या लाइनमनपेक्षा अंगाने लहान असतात आणि पदवीनंतर त्यांना सैन्यात जायचे असते. त्यांच्यापैकी फार तर एखाद-दुसरा व्यावसायिक खेळात जाईल. उद्याच्या बाजारभावाकडे न पाहता आजचा मेळ पाहिला, तरच अशी निवड होते.

पण हा मेळ बसवायला लागणारा वेळ आज आणखी आखडत चालला आहे. २०१८ पासून खेळाडूंना विद्यापीठ बदलण्यासाठी नाव नोंदवण्याची खुली सोय झाली, आणि २०२१ पासून पहिल्या बदलानंतर वर्षभर बाहेर बसण्याची अटही गेली. खेळाडूच्या दृष्टीने हे न्यायाचेच. इतकी वर्षे प्रशिक्षक वाटेल तेव्हा गाव बदलत आणि मुलाला मात्र ते करता येत नसे. पण लाइन कोचपुढे याने नवा पेच उभा केला. तीन वर्षे घडवलेला गार्ड चौथ्या वर्षी दुसरीकडे जातो, त्याच्या जागी परका गार्ड येतो, आणि शेजारच्या सेंटरबरोबर त्याचे ते अर्ध्या सेकंदाचे न बोलता जुळणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पूर्वी गुरूच्या नोकरीची हमी नव्हती. आता शिष्याच्या थांबण्याचीही नाही.

तरी सकाळी मैदानावर ते बुटके लोखंडी छत असतेच. पोरे त्याखालून ओणवी धावतात, कोणी ताठ झाला तर डोके आपटते, आणि शेजारी उभा असलेला माणूस चेंडूकडे न पाहता त्यांच्या पायांकडे पाहत असतो. संध्याकाळच्या बातम्यांत त्याचे नाव नसते. त्याचे काम ज्यांना कळते ते दुसरे लाइन कोच आणि जुने लाइनमन. जो मूर यांच्या नावाचा पुरस्कार तेच देतात.